ऑटोफ्लॉवरची पानं काढावीत का? (लाइपझिग, बाल्कनी, तीन कुंड्या)

बाल्कनीतला_बळीराजा | 4 जून, संध्या. 7:12

मंडळी नमस्कार. आधीच सांगून टाकतो, मी जर्मनीत राहतो. इथे 1 एप्रिल 2024 पासून सज्ञान माणसाला स्वतःपुरती घरी गांजाची तीन झाडं लावता येतात. लपूनछपून काही नाही, तेव्हा "पोलीस येतील हां" असा प्रतिसाद टंकायचे कष्ट घेऊ नका. एकटा राहतो, घरात लहान मूल नाही, बाल्कनीला कुलूप आहे.

बी ऑटोफ्लॉवरचं, म्हणजे रात्र लांबायची वाट न बघता ठरलेल्या वयाला आपोआप फुलणारं. 5 मे ला खिडकीत रुजत घातलं. खालच्या मजल्यावरच्या आजींनी तंबी दिली होती की 'काल्टे सोफी', म्हणजे 15 मे, उलटल्याशिवाय काही बाहेर काढायचं नाही, रात्रीचा गारठा मारतो. त्यांचे टोमॅटो आणि माझ्या या तिघी एकाच दिवशी बाहेर आल्या. 15 लिटरच्या कापडी कुंड्या, दक्षिणेकडची बाल्कनी, पहाटे पाचपासून रात्री साडेनऊपर्यंत उजेड.

आज तिसावा दिवस. उंची वीत-दीड वीत, पेरांपाशी पांढरे केस, म्हणजे फुलाची सुरुवात, दिसायला लागलेत. पण पानं! वरची पंजेदार पानं माझ्या हाताएवढी झालीत आणि त्यांच्याखाली बाजूच्या फांद्या अंधारात चाचपडतायत. ऑफिसातला एकजण छातीठोकपणे सांगतो की मोठी पानं सगळी ओरबाडून टाक, आठवड्यात दुप्पट जोमाने येईल. तो स्वतः तंबूत दिव्याखाली वाढवतो. व्हिडिओ बघावेत तर निम्मे 'काढा' म्हणतात, निम्मे 'हात लावाल तर याद राखा'.

माझं कृषिज्ञान म्हणजे सुट्टीत संगमनेरला मामाच्या टोमॅटोला सुतळी बांधली, तेवढंच. काढू का पानं?


संपादक | 4 जून, संध्या. 7:50

धागा ठेवत आहोत, पण एक गोष्ट स्पष्ट असावी. भारतात गांजाचं झाड लावणं हा 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. बी कुठे मिळतं, पाठवता का, असे प्रतिसाद उडवले जातील. विषय पानांचा आहे, पानांपुरताच ठेवा.


शंकासुर | 4 जून, रात्री 8:05

आमच्याकडे तुरीत चार झाडं सापडली की पेपरात फोटो येतो, झाडं पुढे आणि मागे सहा हवालदार. आणि इकडे गडी विचारतोय पानं काढू का. कालाय तस्मै नमः.

(रुमाल टाकून ठेवतोय.)


निफाडचा_बागाईतदार | 4 जून, रात्री 9:40

बळीराजा, गांजातलं मला काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पण पान म्हटलं की आमच्या तालुक्यात कुणालाही झोपेतून उठवा, तासभर बोलेल.

द्राक्षात आम्ही वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. खरडीनंतरची फूट सात पानांवर आली की शेंडा मारून सबकेन (पोटकाडी) करायची. गोडीनंतर घड दिसले की फेलफुटी (घड नसलेले कोंब) काढायच्या, घडांची विरळणी करायची, पुढे घडाजवळची पानं काढायची. वेलीला हे सगळं सोसतं, कारण तिच्याकडे वेळ आहे. खोडात, ओलांड्यात (आडव्या फांद्यांत), मुळांत शिल्लक टाकलेली असते. आज खुडलं तर महिन्याने भरून काढते. तुमच्या झाडाचं एकूण आयुष्य किती?

दुसरं, पान काढायचं ते कशासाठी? आम्ही तीन कारणांनी काढतो. फवारा घडापर्यंत पोचावा, घडात हवा खेळून भुरी-डाऊनी या बुरशीरोगांना आळा बसावा, आणि डिपिंगला (घड औषधात बुडवायला) हात आत जावा. 'घड फुगावा म्हणून पान काढलं' असं कुणी म्हणाला तर त्याला बांधावरूनच परत पाठवू. घड फुगतो तोच मुळी पानावर. एका घडामागे पंधरा-सोळा पानं ठेवायची असं आम्हाला शिकवलंय आणि आम्ही ती काडीवर बोट ठेवून मोजतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे घाईघाईत एका ओळीची पानं जरा जास्तच निघाली. फेब्रुवारीचं ऊन थेट घडावर. पश्चिमेकडचे मणी आठ दिवसांत तपकिरी पडले, उकडल्यासारखे. व्यापारी आला, त्या ओळीपाशी थांबला, एक मणी तोडून हातात फिरवला आणि एक शब्द न बोलता पुढच्या ओळीत गेला. त्या न बोलण्याचे किती पैसे झाले ते मलाच माहीत.


बाल्कनीतला_बळीराजा | 4 जून, रात्री 10:02

धन्यवाद दादा. पाकिटावर लिहिलंय 'रुजल्यापासून 75 ते 85 दिवस'. म्हणजे एक तृतीयांश आयुष्य संपलं की हो!


हरितद्रव्य | 4 जून, रात्री 11:30

निफाडकरांनी मुद्द्यावर बोट ठेवलंय, मी फक्त त्यामागचं शास्त्र जोडते. नेदरलँड्समध्ये हरितगृहातल्या टोमॅटोवर काम करते, त्यामुळे पानं काढणं हा माझ्या पोटापाण्याचाच विषय.

साधा गांजा रात्र मोजतो. रात्र लांबली की फुलतो. दिव्याखाली वाढवणारे रोज अठरा तास उजेड देतात आणि झाड हवं तितके दिवस फुलू देत नाहीत. मग एक दिवस उजेड बारा तासांवर आणतात, की आलं फुलावर. तुमच्या ऑफिसातल्या माणसाकडे ही कळ आहे. तो पानं ओरबाडतो, दोन आठवडे वाट बघतो, भरून आलं की दिवा कमी करतो. त्याचा सल्ला त्याच्या झाडापुरता चूक नाही.

ऑटोफ्लॉवरमध्ये रुडेरालिसचा अंश आहे. हे रशिया-मध्य आशियाकडचं बुटकं, काटक झाड. तिकडचा उन्हाळा एवढुसा, रात्र लांबायची वाट बघत बसलं तर बी पिकायच्या आत थंडी पडणार. म्हणून ते उजेड न बघता वयावर फुलतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात केस येतात, मग दोन-तीन आठवडे झाड झपाट्याने उंच होतं, मग उंची थांबते आणि सगळी कमाई कळ्यांकडे जाते. तुमची ती झपाट्याची धाव नेमकी आत्ता सुरू होतेय. या वेळी पानं काढाल तर झाड आठवडाभर पानं परत आणण्यात घालवेल, आणि घड्याळ काही थांबणार नाही.

आता पान कुठलं, हेही बघा. कोवळं पान स्वतःच दुसऱ्याचं खातं. साधारण निम्मं वाढल्यावर ते घराला हातभार लावायला लागतं. नुकतं पूर्ण उघडलेलं, उन्हातलं पान सगळ्यात जास्त कमावतं. खालचं, म्हातारं, सावलीतलं पान जेमतेम स्वतःचा खर्च भागवतं. तुम्हाला काढायला सांगितलेली वरची मोठी पानं म्हणजे घरातली कर्ती माणसं.

आमच्या हरितगृहात टोमॅटो दहा-अकरा महिने चालतो. दर आठवड्याला वर दोन-तीन नवी पानं येतात, तेवढीच आम्ही खालची काढतो, तीही त्या उंचीवरचा घोस पिकत आल्यावर. पण ही अखंड वाढणाऱ्या जातीची गोष्ट. ठरावीक उंचीला थांबणारा, एकदम फळणारा बुटका टोमॅटो असतो ना, त्याच्यात हे करत नाहीत. ऑटोफ्लॉवर त्या बुटक्याच्या जातकुळीचं समजा.


इतिहासाचा_किडा | 5 जून, सकाळी 8:15

अवांतर आहे, पण राहवत नाही. इंग्रज सरकारने 1893-94 मध्ये गांजा-भांग-चरसवर आख्खा आयोग नेमला होता. त्या काळी बंगालात राजशाहीकडच्या नौगावला (आता बांगलादेशात) परवान्याने गांजाची शेती व्हायची. नर झाडं ओळखून उपटायला तिथे 'पोद्दार' म्हणून खास जाणकार बोलवत. एकेका झाडापाशी वाकून बघायचा आणि नर दिसला की उपटायचा. बी धरू नये म्हणून. आता हेच काम बीवाली कंपनी पाकिटावर 'फेमिनाइज्ड' (फक्त मादी झाडं देणारं बी) छापून करते. पोद्दाराच्या पोटावर पाय.


टोरांटोचे_काका | 5 जून, सकाळी 8:40 (इथे रात्र आहे, झोप येत नाही)

बळीराजा, आमच्या कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून मोकळीक आहे, ऑन्टारिओत घरटी चार झाडं. रिटायर झाल्यावर मागच्या अंगणात मिरच्या, मेथी आणि कोपऱ्यात ही मंडळी. ऑटो तीन उन्हाळे लावलेत, म्हणून अधिकारवाणीने बोलतोय.

पहिल्या वर्षी मी तुमच्या ऑफिसवाल्याचंच ऐकलं होतं. सव्विसाव्या दिवशी कात्री घेऊन बसलो आणि हजामाने सोलावं तसं झाड सोललं. तुळस खुडली की फुटते, ही का नाही फुटणार! आठ दिवस झाड रुसल्यासारखं जिथल्या तिथे. मग केस आले, कळ्या धरल्या, पण झाड गुडघ्याच्या वर गेलं नाही. शेजारची न सोललेली कमरेला लागली.

तेव्हापासून मी पान तोडत नाही, खोचतो. देठ धरून पान हळूच खाली वाकवायचं आणि फांदीच्या मागे अडकवायचं, पदर खोचतात तसं. खालचा डोळा (बगलेतला कोंब) उन्हात येतो आणि पानही कामावर राहतं. दोन दिवसांत ते पुन्हा वर येईल, पुन्हा खोचायचं. सकाळच्या चहाबरोबर पाच मिनिटांचं काम, असं मी म्हणायचो. पण सकाळी नका करू. सकाळी देठ पाण्याने टच्च भरलेले असतात, कटकन मोडतात. दुपार कलल्यावर जरा मऊ पडतात.

दुसरं, खोड आडवं करा. कुंडीच्या काठाला भोक पाडून नाडीने खोड बाजूला ओढून बांधायचं, म्हणजे सगळ्या फांद्या एका उंचीवर येतात. आमच्या सौ.नी जुन्या परकराची नाडी काढून दिली, तार कापते हो सालीला. तिसावा दिवस म्हणजे जरा उशीर झालाय, खोड कडक होत आलं असेल. एका दमात वाकवू नका, तीन दिवसांत थोडं थोडं.


लातूरकर | 5 जून, दुपारी 1:10

मला एक कळंना. आम्ही हरभऱ्याचे शेंडे खुडतो. महिन्याचा झाला की बायका ओटी भरून खुडतात, भाजी होते आणि झाड पसरून घाटे जास्त धरतात. मग ह्याला खुडलं तर काय बिघडतं?


हरितद्रव्य | 5 जून, दुपारी 1:55

छान प्रश्न. तुम्ही शेंडा खुडता, मोठी पानं नाही. शेंडा गेला की बगलेतले झोपलेले डोळे जागे होतात, फांद्या फुटतात. पान काढल्याने डोळे जागे होत नाहीत, फक्त कमाई घटते. आणि तुम्ही खुडता ते फुलाच्या आधी. फुलावर आल्यावर खुडाल का?


लातूरकर | 5 जून, दुपारी 2:03

छ्या. फुलावर आल्यावर आई आम्हाला भाजीसाठी रानात पाऊल टाकू देत नाही.


शंकासुर | 5 जून, दुपारी 2:20

जीवामृत फवारा. बघा कसं येतं.


बाल्कनीतला_बळीराजा | 5 जून, दुपारी 2:31

शंकासुर, खालच्या आजी गांजाच्या वासाबद्दल काही बोललेल्या नाहीत. गोमूत्राचा वास आला तर घर सोडावं लागेल.


अंबाडीची_भाजी | 5 जून, संध्या. 6:00

माझंही अवांतर. न्यू जर्सीला मावशीने अंगणात अंबाडी लावली होती. तिची पानंही तशीच पंजासारखी. पलीकडच्या गोऱ्या गृहस्थांनी दोन आठवडे नुसतं बघितलं, मग कुंपणाशी येऊन हळूच विचारलं, "किती दिवसांत तयार होतं?" मावशीने भाकरीबरोबर भाजी करून पाठवली. अंबाडीचं शास्त्रीय नावही 'हिबिस्कस कॅनाबिनस' आहे, तेव्हा त्यांची काही फार चूक नव्हती.


वकिली_चष्मा | 5 जून, रात्री 9:15

म्युनिकहून लिहितोय. सगळे उत्पादनावर बोलतायत, मला कायद्याचं एक कलम आठवतंय. झाडं तीन चालतात, पण घरात वाळलेला माल माणशी 50 ग्रॅमपर्यंतच. बाहेर जवळ बाळगायला 25. घरी पिकवलेलं दुसऱ्याला द्यायचं नाही, फुकट सुद्धा नाही, वाढदिवसाला सुद्धा नाही. जास्तीचं नष्ट करायचं.

आता निगुतीने वाढवलेलं एक ऑटो बाल्कनीत पंचवीस-तीस ग्रॅम सहज देतं. तीनाने गुणा. म्हणजे पानं काढायची की ठेवायची ही चर्चा आपण कचऱ्याच्या डब्यात काय वजनाचं पडावं यावर करतोय.


टोरांटोचे_काका | 5 जून, रात्री 9:20

अगागा! हे म्हणजे लग्नाची बोलणी पूर्ण झाल्यावर कुणीतरी पत्रिका काढावी तसं झालं.


बाल्कनीतला_बळीराजा | 6 जून, सकाळी 7:05

वकीलसाहेब, खरं सांगतो, हा हिशेब माझ्या डोक्यातच आला नव्हता. रात्रभर विचार केला. एक झाड उपटवत नाही. पण असं ठरवलंय: उत्पादनाची हाव संपलीच आहे तर तिघींवर तीन प्रकार करून बघतो.

गंगू: हात लावायचा नाही.
यमू: ऑफिसवाल्याचं ऐकून मोठ्या 16 पानांतली 8 काढली, आत्ताच.
सरू: काकांची नाडी. परकर नाही, बुटाची लेस वापरली.


हरितद्रव्य | 6 जून, सकाळी 9:30

करा, पण तीन झाडांवरून निष्कर्ष काढणार नाही असं वचन द्या. बियांची झाडं म्हणजे सख्ख्या बहिणी, जुळ्या नव्हेत. एखादी मुळातच खुजी निघाली तर कात्रीवर खापर फुटेल.

गंभीर प्रयोगांची गोष्ट निघालीच आहे तर सांगते. इस्राएलच्या वोल्कानी संस्थेत निरित बर्नस्टाइन यांच्या गटाने औषधी गांजावर फांद्या-पानं काढण्याचे प्रयोग केले. त्यांचा भर वरच्या आणि खालच्या कळ्यांत औषधी द्रव्यं सारखी यावीत यावर होता. औषधाच्या कारखान्याला हा सारखेपणा महत्त्वाचा. व्हिडिओवाले 'संशोधनाने सिद्ध झालंय' म्हणून असलं काही दाखवतात तेव्हा ती झाडं बारा तासांच्या उजेडावर फुलवलेली असतात, हे सांगायचं विसरतात.


बाल्कनीतला_बळीराजा | 22 जून, रात्री 8:45

अठ्ठेचाळिसावा दिवस.

यमूचे कापलेले देठ, साधारण बोटाच्या पेराएवढे ठेवले होते, ते पिवळे पडून पाच-सहा दिवसांत आपोआप गळले. पहिला आठवडा ती अक्षरशः बसून होती. तेवढ्यात गंगू रोज सकाळी दोन-तीन सेंटीमीटर वर. आता गंगू 68 सेमी, यमू 47. सरू 52 पण रुंद, मध्ये एक शेंडा आणि भोवती सहा, सगळे एका पातळीत, समईच्या वातींसारखे. सरूचं एक पान खोचताना कटकन मोडलं. सकाळ होती. काका, चुकलो.

नवी अडचण: गंगूची अगदी खालची पानं पिवळी पडतायत. ती तरी काढू ना?


हरितद्रव्य | 22 जून, रात्री 9:10

फुलोऱ्यात नत्र खालच्या पानांतून वर ओढलं जातं, म्हणून पिवळी. पिवळं पडणारं पान अजून देणं देतंय. बोटाने हलकं खाली दाबा. सुटलं तर सुटलं, अडलं तर त्याचं काम बाकी आहे. सगळं झाडच वरपासून फिकं पडायला लागलं तर मात्र खत कमी पडतंय, तेव्हा लिहा.


निफाडचा_बागाईतदार | 22 जून, रात्री 10:20

आणि गळलेलं पान कुंडीत राहू देऊ नका. ओल्या मातीवर पडलेलं पान म्हणजे बुरशीची धर्मशाळा. रोज उचला.


बाल्कनीतला_बळीराजा | 15 जुलै, सकाळी 6:50

मदत हवी आहे, जरा घाईत. चार दिवस नुसता पाऊस, रिपरिप, नाशिकच्या श्रावणासारखा. आज गंगूच्या मधल्या मोठ्या कळीत एकच बारीक पान वाळलेलं दिसलं. आजूबाजूचं सगळं हिरवंगार आणि हे एकटंच तपकिरी. ओढलं तर लोण्यातून केस निघावा तसं हातात आलं. कळी जराशी उघडून बघितली तर आत राखाडी लोकर.


निफाडचा_बागाईतदार | 15 जुलै, सकाळी 7:15

राखी बुरशी, बोट्रायटिस. आमच्याही घडात पावसात हीच येते. वेळ घालवू नका.

आधी झाड हलवू नका, फुंकरही मारू नका, ती लोकर म्हणजे सगळे बीजाणू. एक पिशवी कळीवर अलगद चढवा आणि बाधित भागाच्या दोन बोटं खाली कापा. कात्री स्पिरिटने पुसा, मगच दुसरीकडे लावा. कापलेलं वाळवून 'बघू चालतंय का' करू नका. ते फेकायचं, वापरायचं नाही. कुंड्या छपराखाली भिंतीशी घ्या आणि एकमेकींना पानं लागणार नाहीत इतकं अंतर ठेवा.

आणि आता कात्री घ्या. गंगूच्या आतल्या बाजूची, कळ्यांना चिकटून ओली राहणारी, सावलीतली पानं काढा. दहा-बारा निघाली तरी घाबरू नका. सरूचीही बघा. यमूला बहुतेक गरज पडणार नाही.


शंकासुर | 15 जुलै, सकाळी 7:40

दादा, महिनाभर तुम्हीच पान काढू नका म्हणून बसलात. एक काय ते ठरवा.


निफाडचा_बागाईतदार | 15 जुलै, सकाळी 8:02

पहिल्या दिवशीच विचारलं होतं, कशासाठी काढायचं? तेव्हा कारण नव्हतं, आज आहे. तेव्हा झाडाला वाढायचं होतं, आता वाढ संपलीय, पिकायचं राहिलंय. तेव्हा डोक्यावरची काढायला निघाले होते, आता पोटातली काढायचीत.


टोरांटोचे_काका | 15 जुलै, संध्या. 4:30

निफाडकरांना माझं अनुमोदन. काढताना सगळी एका दिवशी नको, आज पाच, परवा पाच. कळीतून डोकावणारी राळ लागलेली बारीक पानं सोडून द्या, ती तोडणीच्या दिवशी बघायची. आणि भिंग असेल तर राळेचे दाणे बघायला लागा. काचेसारखे पारदर्शक म्हणजे कच्चं, दुधाळ झाले की आलं.


बाल्कनीतला_बळीराजा | 27 जुलै, रात्री 9:30

त्र्याऐंशीवा दिवस. तिघींची तोडणी झाली. यमू कापायला वीस मिनिटं, गंगूला दीड तास. पानं ठेवल्याची शिक्षा कात्रीवाल्याला होते हे कुणीच सांगितलं नव्हतं. कपाटात फांद्या उलट्या टांगल्यात, पंखा भिंतीकडे तोंड करून.

आजी जिन्यात भेटल्या. त्यांच्या टोमॅटोची खालची पानं करप्याने गेलीत. त्यांनी विचारलं तुझं कसं चाललंय. म्हटलं बुरशी. म्हणाल्या, यंदा सगळ्यांचीच.


बाल्कनीतला_बळीराजा | 8 ऑगस्ट, संध्या. 7:00

फांदी वाकवली की कटकन मोडते, म्हणजे वाळलं. स्वयंपाकघरातला काटा आणून मोजलं.

गंगू 31 (बुरशीने गेलेलं सोडून). यमू 18. सरू 34. एकूण 83.

यमूच्या कळ्या लहान आणि जरा भुसभुशीत, पण बुरशीचा एक डाग नाही. हरितद्रव्य ताई, वचन लक्षात आहे, निष्कर्ष काढत नाही. ऑफिसवाल्याला आकडे दाखवले. तो म्हणाला, तू आठच काढलीस, सगळी काढायला हवी होतीस.


वकिली_चष्मा | 8 ऑगस्ट, संध्या. 7:20

83 वजा 50.


बाल्कनीतला_बळीराजा | 8 ऑगस्ट, संध्या. 7:41

हो हो, माहितीय. 33 ग्रॅम. अख्खी गंगू आणि वर दोन ग्रॅम. कॉफीच्या चोथ्यात कालवून, पाणी ओतून, कंपोस्टच्या डब्यात गेली. जिच्या अंगाला महिनाभर बोटही लावलं नाही, तिला शेवटी दोन्ही हातांनी मळलं.


टोरांटोचे_काका | 8 ऑगस्ट, संध्या. 7:58

पुढच्या वर्षी त्या खताने मिरच्या लावा. आजींना द्या. त्या तरी देता येतात.


बाल्कनीतला_बळीराजा | 8 ऑगस्ट, रात्री 8:15

पुढच्या वर्षी एकच झाड, सरूच्या पद्धतीने. उरलेल्या दोन कुंड्यांत टोमॅटो. संगमनेरला फोन केला होता, मामा म्हणतो बगलफूट काढत जा, नाहीतर जंगल होतं. पण आजी देणार आहेत ती जात बुटकी आहे. बुटक्याची बगलफूट काढायची का?


निफाडचा_बागाईतदार | 8 ऑगस्ट, रात्री 8:30

नवा धागा काढा. आणि या वेळी जात कुठली ते पहिल्याच ओळीत लिहा.